नवा चेंडू कोणाच्या हाती? स्थानबदल, मान आणि धावफलकाचा रिकामा रकाना

१/ आजचा धागा एका लहानशा नोंदीवर आहे. ३ षटके, १ निर्धाव, १० धावा, ० बळी. ऑगस्ट १९७१, ओव्हलचे मैदान, इंग्लंडचा दुसरा डाव, गोलंदाज एकनाथ सोलकर. पुढची माहिती नसलेल्या माणसाने ही ओळ वाचली तर त्याचे अनुमान ठरलेले: नवा चेंडू दिला, काही जमले नाही, काढून घेतला. हे अनुमान चुकीचे आहे. ते का चुकते आणि त्या चुकीची किंमत कोण मोजतो, हा आजचा विषय.

२/ माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आरंभी गोलंदाजी करणाऱ्याला पुढच्या, आखूड किंवा वेगळ्या कामावर नेणे ही अवनती नव्हे. अवनती होते ती नोंदवहीत. नव्या कामासाठी रकानाच नसेल, तर ते काम करणारा माणूस कागदावर लहान होतो. आणि पुढच्या पिढ्या वाचतात तो कागदच.

३/ हा प्रश्न सर्वांत उघडपणे चर्चिला जातो तो अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये. तिथे सामना ९ डावांचा. पहिल्या चेंडूपासून फेक करणारा तो ‘स्टार्टर’. तो थकला किंवा त्याला मार बसू लागला की राखीव पिचर येतो. हे राखीव पिचर मैदानाच्या कडेला ज्या आवारात हात मोकळे करतात, त्याला ‘बुलपेन’ म्हणतात. क्रिकेटपेक्षा एक मोठा फरक लक्षात ठेवावा: तिथे एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे कोणाला आधी वापरायचे आणि कोणाला राखून ठेवायचे, हा निर्णय फार जड असतो.

४/ इतिहासाच्या वाचकांना हा निर्णय परका नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर दुपारनंतर अब्दालीने राखून ठेवलेली फौज लढाईत उतरवली. मराठ्यांकडे त्या घटकेला तशी ताजी फौज उरली नव्हती. त्या राखीव घोडेस्वारांना सकाळी लढायला मिळाले नाही, म्हणून ते दुय्यम होते असे कोणी म्हणत नाही. मग खेळाच्या मैदानावर आपण तसे का म्हणतो?

५/ कारण आरंभाला मान असतो. बेसबॉलमध्येही दीर्घकाळ समज असा होता की, ज्याला स्टार्टर म्हणून टिकता आले नाही तो बुलपेनमध्ये जातो. डेनिस एकर्सली याचे उदाहरण पाहा. १९७७ मध्ये त्याने एका संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही ‘हिट’ मिळू दिली नव्हती; १९७८ मध्ये २० सामने जिंकले होते. असा स्टार्टर १९८७ मध्ये ओकलंड संघात आला आणि बुलपेनमध्ये गेला. वय ३२. कारकीर्द मावळतीला लागली, असाच त्याचा अर्थ लावता आला असता.

६/ पुढे काय झाले? १९९२ मध्ये त्याच एकर्सलीला त्याच्या लीगमधील सर्वोत्कृष्ट पिचरचा ‘साय यंग’ पुरस्कार मिळाला आणि सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मानही. शेवटचा एखादा डाव टाकणाऱ्या माणसाला! २००४ मध्ये त्याचा समावेश बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये झाला.

७/ पण हा मान आकाशातून पडला नाही. १९६९ पासून मेजर लीगने ‘सेव्ह’ ही अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली होती. संघाची निसटती आघाडी अखेरपर्यंत राखून देणाऱ्याच्या नावे एक आकडा लिहिला जाऊ लागला. जेरोम होल्ट्झमन या क्रीडा पत्रकाराने ही कल्पना पुढे रेटली होती. १९९२ मध्ये एकर्सलीच्या नावावर ५१ सेव्ह होत्या. काम पूर्वीही होतेच. रकाना नंतर आला. आणि रकान्याच्या मागोमाग मान आला.

८/ या रकान्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. शेवटी येणाऱ्याचे यश जसे दिसते तसे अपयशही दिसते. १९८८ च्या वर्ल्ड सिरीजमधील पहिल्या सामन्यात दुखऱ्या पायांनी फलंदाजीला आलेल्या कर्क गिब्सनने याच एकर्सलीला होम रन मारून सामना हिरावून घेतला. आरंभी चुकणाऱ्याला सावरायला वेळ असतो, अखेरीस चुकणाऱ्याला नसतो. तेव्हा हे काम ‘सोपे’ म्हणून दिलेले काम नव्हे.

९/ आता आपल्याकडे येऊ. मुंबईचे रमाकांत देसाई. चण लहान, म्हणून टोपणनाव ‘टायनी’. चेंडू मात्र वेगवान आणि उसळता. फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले, तेव्हा वय १९. वेस्ट इंडिजने ८ बाद ६४४ धावांवर डाव घोषित केला. त्या डावात या पोराने टाकली ४९ षटके. १६९ धावा, ४ बळी.

१०/ हा आकडा पुन्हा वाचा. ४९ षटके म्हणजे २९४ चेंडू. वेगवान गोलंदाज, पहिली कसोटी, एकच डाव. कर्णधार हेमू अधिकारी यांना दोष देण्याचा हेतू नाही. त्या मालिकेत पाच कसोट्यांना चार कर्णधार झाले होते आणि अधिकारी अखेरच्या कसोटीपुरते आले होते. पण भारतीय क्रिकेटची त्या काळातील घडीच अशी होती की, ज्याच्या हाती नवा चेंडू त्याच्याच हाती जुना चेंडूही. वेगवान म्हणावा असा माणूस एकच. त्याला राखून ठेवण्याचा विचार कोणाला परवडणार?

११/ त्याच वर्षी लॉर्ड्सवर देसाईंनी एका डावात ५ बळी घेतले. १९६०-६१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत २१ बळी घेतले. आणि मुंबईच्या कसोटीत दहाव्या क्रमांकावर येऊन ८५ धावा काढल्या, नाना जोशींबरोबर नवव्या गड्यासाठी १४९ धावांची भागी केली. फेब्रुवारी १९६८ मध्ये ड्युनेडिनला फलंदाजी करताना जबडा मोडला, तरी बेदींबरोबर अखेरच्या गड्यासाठी ते उभे राहिले. भारताने परदेशात जिंकलेली ती पहिली कसोटी.

१२/ एकूण हिशेब: २८ कसोट्या, ७४ बळी. सरासरी ३७ च्या वर. वयाची तिशी गाठण्याआधीच कसोटी कारकीर्द संपली. ‘सरासरी ३७’ हा आकडा वाचून तरुण वाचक त्यांना सामान्य गोलंदाज समजतो. त्या सरासरीत किती धावा थकलेल्या खांद्याने दिल्या, याचा रकाना नाही. त्यांना आखूड, ताज्या दमाच्या चार-पाच षटकांच्या हप्त्यांत वापरले असते तर आकडे कसे दिसले असते, हे सिद्ध करता येणार नाही. पण ४९ षटके टाकून घेणे हा त्यांचा गौरव नव्हता, एवढे नक्की म्हणता येते.

१३/ याच्या उलट टोकाला काय होते तेही पाहा. जून-जुलै १९६७ मध्ये भारतीय संघ इंग्लंडमध्ये होता. एजबॅस्टनच्या कसोटीत बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे चौघे फिरकीपटू एकत्र खेळले; चौघे एकाच कसोटीत खेळण्याचा हा एकमेव प्रसंग. नव्या चेंडूसाठी माणूस उरला नाही, म्हणून बुधी कुंदरन या यष्टिरक्षक-फलंदाजाला गोलंदाजीची सुरुवात करावी लागली. म्हणजे ‘आरंभाचा मान’ चक्क ज्याला गोलंदाज म्हणून कोणी ओळखत नव्हते त्याच्याकडे!

१४/ येथे भारतीय क्रिकेटने नकळत एक मोठा शोध लावला होता. खरे गोलंदाज नंतर येणारे आहेत; आरंभ ही चेंडूची लकाकी घालवण्यापुरती औपचारिकता आहे. बेसबॉलच्या भाषेत सांगायचे तर भारताचे सगळे सामर्थ्य बुलपेनमध्ये होते. देसाईंच्या काळात जो भार एका खांद्यावर होता, तो आता चौघांत वाटला गेला. प्रश्न उरला तो आरंभ करणाऱ्याचा. त्याने सहा षटकांनंतर करायचे काय?

१५/ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे एकनाथ सोलकर. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा. डावखुरा फलंदाज, डाव्या हाताने मध्यमगती गोलंदाजी. ओव्हलच्या त्या कसोटीत पहिल्या डावात त्यांनी २८ धावांत ३ बळी घेतले, फलंदाजीत ४४ धावा केल्या. दुसऱ्या डावात आबिद अली आणि सोलकर यांनी नवा चेंडू घेतला. दोघांची प्रत्येकी ३ षटके. कर्णधार अजित वाडेकरांनी चेंडू काढून घेतला आणि फिरकीपटूंकडे दिला.

१६/ इंग्लंडचा तो डाव ४५.१ षटकांत १०१ धावांवर संपला. चंद्रशेखर ३८ धावांत ६ बळी. ६ षटके आरंभाची, ३९.१ षटके फिरकीची. आणि सोलकर? चेंडू हातातून गेल्यावर ते शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या बॅटपासून हाताच्या अंतरावर जाऊन वाकले. डोक्यावर शिरस्त्राण नाही. कीथ फ्लेचर, झेल सोलकर, गोलंदाज चंद्रशेखर, ०. ॲलन नॉट, झेल सोलकर, गोलंदाज वेंकटराघवन, १. भारत ४ गडी राखून जिंकला. इंग्लंडमध्ये भारताचा तो पहिला कसोटी विजय आणि पहिला मालिका विजय.

१७/ एक योगायोग नोंदवतो. त्या १९७१ च्या दौऱ्यावर भारतीय संघाचे व्यवस्थापक होते लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी. होय, तेच. १९५९ मध्ये ज्यांच्या नेतृत्वाखाली एका पोरसवदा गोलंदाजाने ४९ षटके टाकली, त्यांच्याच व्यवस्थापनाखाली बारा वर्षांनी नव्या चेंडूचा गोलंदाज ३ षटकांनंतर मोकळा केला गेला आणि जिथे त्याची खरी गरज होती तिथे उभा राहिला. क्षेत्ररक्षणाच्या सरावाबद्दल अधिकारी कडक होते, ही त्या संघाच्या खेळाडूंनी वारंवार सांगितलेली गोष्ट.

१८/ सोलकरांचे आकडे: २७ कसोट्या, १०६८ धावा, १८ बळी, ५३ झेल. १८ बळी पाहून ‘हा कसला सलामीचा गोलंदाज’ असे म्हणणारा चूक करतो. कारण ५३ झेलांतील बरेचसे झेल म्हणजे दुसऱ्याच्या नावे लिहिलेले बळी. झेल मोजले जातात हे आपले भाग्य. पण ते तिथे उभे आहेत या धास्तीने फलंदाजाने जो फटका मारलाच नाही, त्याची नोंद कुठे आहे? कुठेच नाही.

१९/ नोंद नसलेल्या श्रमाचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पळवणकर बाळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात ते सरावासाठी गोलंदाजी करीत. जे. जी. ग्रेगसारखा फलंदाज त्यांच्या चेंडूंवर तासन्‌तास घडला. त्या हजारो चेंडूंचा एकही धावफलक नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले, ते मात्र छापील आहे. म्हणून आज आपल्याला बाळू माहीत आहेत.

२०/ आणि त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही, तेही गुणांच्या अभावी नव्हे, चांभार समाजात जन्म झाल्यामुळे. धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. हे येथे सांगण्याचे कारण एवढेच की, ‘तुझी जागा ही’ असे जेव्हा कोणी ठरवतो, तेव्हा ठरवणाऱ्याकडे नेहमी पाहावे. स्थान कामाच्या गरजेने ठरले की माणसाच्या दर्जाविषयीच्या समजुतीने? सोलकरांना शॉर्ट लेगला नेणे हे पहिल्या प्रकारचे. बाळूंना कर्णधारपदापासून दूर ठेवणे हे दुसऱ्या प्रकारचे. दोन्हीला ‘संघहित’ हा एकच शब्द वापरता येतो. म्हणूनच तो शब्द जपून ऐकावा.

२१/ नोंदवही बदलली की काय होते, हे आम्हा इस्लापूरकरांना खेळाबाहेरही ठाऊक आहे. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ वाचा. हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलेल्या प्रदेशांच्या यादीत आदिलाबाद जिल्ह्यातील ‘बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडळ’ स्वतंत्र नावानिशी लिहिलेले आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून ते अमलात आले. गाव हलले नाही, पैनगंगा हलली नाही. कागद हलले. जुने दफ्तर उर्दूत, नवे मराठीत. गाव त्यामुळे खाली गेले नाही. पण मागचा हिशेब शोधायचा तर दुसऱ्या लिपीत आणि दुसऱ्या जिल्ह्याच्या दफ्तरात शोधावा लागतो. स्थानबदलात हरवतो तो हिशेब.

२२/ मग स्थानबदल नीट झाला तर कसा दिसतो? श्रीरामपूरचा जहीर खान पाहा. २७ फेब्रुवारी २०११, बंगळूरू, विश्वचषक. भारताच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना इंग्लंड २ बाद २८१. सामना हातून गेलेला. ४३ व्या षटकात जहीर परत आला आणि लागोपाठच्या चेंडूंवर इयन बेल आणि १५८ धावांवर खेळणारा अँड्र्यू स्ट्रॉस बाद झाले. पाठोपाठ कॉलिंगवूडही. सामना बरोबरीत सुटला. नव्या चेंडूचा गोलंदाज हाच, अखेरचा आधारही हाच.

२३/ त्या स्पर्धेत जहीरने २१ बळी घेतले. शाहिद आफ्रिदीबरोबर संयुक्तपणे सर्वाधिक. अंतिम सामन्यात त्याची पहिली तिन्ही षटके निर्धाव होती. त्याची षटके आरंभ, मध्य आणि अखेर अशी वाटून वापरली गेली. गंमत म्हणजे त्या स्पर्धेत त्याने जो ‘नकल बॉल’ वापरला, ती मूळची बेसबॉलच्या पिचरची विद्या. दोन खेळांत देवघेव होते ती अशी. चेंडूची पकड आपण घेतली. राखून वापरण्याचा विचारही थोडा घ्यायला हरकत नाही.

२४/ प्रतिवादही मांडतो. बेसबॉलचे अनेक अभ्यासक म्हणतात, चांगला स्टार्टर हंगामात राखीव पिचरच्या दुप्पट-तिप्पट डाव टाकतो. त्याला बुलपेनमध्ये नेणे म्हणजे सोन्याचे नाणे मोडून चिल्लर करणे. यात तथ्य आहे. जॉन स्मोल्ट्झ हा १९९६ चा साय यंग विजेता स्टार्टर कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर बुलपेनमध्ये गेला, २००२ मध्ये ५५ सेव्ह केल्या, आणि २००५ मध्ये पुन्हा स्टार्टर झाला. म्हणजे वाट परतीचीही असते. एकदा हलवले म्हणजे कायमचे हलवले, असा नियम नाही.

२५/ माझा आक्षेप आरंभाच्या कामाला नाही, आरंभाच्या अहंकाराला आहे. सोयाबीन निघाल्यावर आमच्या भागात टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात. तिथेही पहिले षटक कोणी टाकायचे यावर रुसवे-फुगवे होतात. अंगात जोर असलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा सकाळी एका सामन्यात आणि दुपारी दुसऱ्या सामन्यात पहिले षटकही टाकतो आणि शेवटचेही. टाळ्या पडतात. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात किशोरवयीन वेगवान गोलंदाजांनी सलग किती षटके टाकावीत यावर वयानुसार मर्यादा आहेत, त्या उगाच नाहीत. वाढत्या वयातील कंबरेचे हाड फार सोसत नाही. देसाईंची ४९ षटके गावोगाव रोज टाकली जात आहेत. फक्त ती कोणी मोजत नाही.

२६/ म्हणून विनंती गुणलेखकांना आहे. हल्ली गावच्या सामन्यांचाही धावफलक मोबाइलवर ठेवला जातो. त्यात गोलंदाजाने दिवसभरात एकूण किती चेंडू टाकले, ही एक ओळ वाढवा. कोण केव्हा आला, तेव्हा किती धावा हव्या होत्या, ही दुसरी. या दोन ओळींनी पहिल्या मुलाचा खांदा वाचेल आणि पंधराव्या षटकात येऊन सामना फिरवणाऱ्या दुसऱ्याला त्याचे श्रेय मिळेल. कर्णधारांना एवढेच सांगणे: चेंडू काढून घेताना त्या खेळाडूला कारण सांगा. न सांगता केलेला योग्य बदलही शिक्षेसारखा लागतो.

२७/ आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना: कोणतीही नोंद वाचताना तिच्यात कोणता रकाना नाही, हे आधी विचारा. ३-१-१०-० ही ओळ खोटी नाही. पण ती तिथेच संपवली तर सोलकर दिसत नाहीत. दिसतो केवळ एक अपयशी सलामीचा गोलंदाज. तिच्या चार ओळी वर, फलंदाजांच्या यादीत ‘झेल सोलकर’ दोनदा लिहिलेले आहे. पान तेच आहे. वाचणाऱ्याने नजर वर न्यायची आहे.

आपल्या गावचा असा एखादा खेळाडू आठवत असेल, ज्याचे काम धावफलकात आलेच नाही, तर खाली अवश्य लिहा. निदान एक नोंद होईल.